चार रंगांची खपली

१

चोर दुकानात शिरला की काय नेतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या चोराची तऱ्हाच न्यारी. त्याने गल्ल्याला हात लावला नव्हता. काचेच्या कपाटातल्या सोनेरी फ्रेमी जागच्या जागी होत्या, दाराचं कुलूप शाबूत होतं. गेला होता तो फक्त दाराबाहेरचा रॅम्प. लोखंडी, राखाडी रंगाचा, दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब आणि रेड्यासारखा जड.

तो गेल्याचं कळलं तेही नेमकं सोमवारी सकाळी, तपासणीच्या मॅडम येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दुकानात शिरता येतं की नाही हे पाहणं, हे त्यांचं काम. चष्म्यांच्या या दुकानाला तीन उंच पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवर कोवळ्या उन्हाखेरीज काही नव्हतं.

मालक हसतमुखाने बाहेर आले. "या, या" म्हणता म्हणता त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"चोरी!" ते ओरडले. "मॅडम, रॅम्प चोरीला गेला! चार वर्षं इथेच होता हो. जागचा हलला नाही कधी!"

मॅडमनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग मालकांकडे. या गल्लीत त्या नव्याने आल्या होत्या. त्यांच्या आधीचे साहेब चहा पिऊन सही करून जात. मॅडम चहा पीत नव्हत्या.

"चोरी झाली असेल तर चोर शोधा," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला परत येते. तेव्हा रॅम्प तरी दाखवा, नाहीतर चोर. दोन्ही नसतील तर दुकानाला टाळं लागेल."

एकदा चोरी म्हटली की चोर लागतोच. मालकांना तो दुपारच्या आत सापडला. चोर त्यांच्याच दुकानात कामाला होता, सध्या आजारपणाच्या रजेवर होता, आणि चाकाच्या खुर्चीत बसून होता.

२

नोकराला काढायचं तर आधी चौकशी करा, असं कायदा म्हणतो. चौकशी करणारा बाहेरचा हवा, असंही म्हणतो. म्हणून मालकांनी वकीलबाईंना बोलावलं. बाईंचा तो धंदाच होता. त्यांचा अहवाल कोर्टात टिकतो अशी त्यांची ख्याती होती. फक्त तो कोणाच्या बाजूने टिकेल हे फी देणाऱ्यालाही आधी कळत नसे, त्यामुळे एकदा बोलावणारा सहसा दुसऱ्यांदा बोलावत नसे.

"आरोप दोन आहेत," मालक म्हणाले. "नंबरताई आमच्याकडे काचा बसवते. हात चांगला आहे, मी नाही कशाला म्हणू? अपघातात कंबर गेली, आम्ही रजा दिली, एवढे महिने जागा भरली नाही. आणि तिने काय केलं? एक, भावाला हाताशी धरून आमचा रॅम्प पळवला, आम्हाला दंड बसावा म्हणून. दोन, आजारपणाची रजा घेऊन रविवारी गल्लीत फिरत होती. पाहणारा साक्षीदार आहे."

"दंड बसावा असं तिला का वाटेल?"

"खुनशीपणा, दुसरं काय! महिनाभर फोन करून डोकं खात होती. 'मालक, मी कामावर येतेय, रॅम्प कुठाय? रॅम्प कुठाय?'"

"रॅम्प चार वर्षं दारात होता ना?"

"होता म्हणजे काय, होताच."

"मग ती 'कुठाय' असं का विचारत होती?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच लख्ख होता. "कांगावा हो बाई. तुम्ही ओळखत नाही तिला."

ओळख व्हायला वेळ लागला नाही. नंबरताई पायऱ्यांच्या खाली, रस्त्यावर, चाकाच्या खुर्चीत येऊन बसली होती. चाळिशीची, सावळी, ताठ मानेची बाई. शेजारी तिचा भाऊ, घामेघूम. दुकानाच्या आत मागच्या भिंतीला लागून तिचं काचा घासायचं यंत्र होतं. खालून ते दिसत होतं. तिच्यात आणि तिच्या नोकरीत तीन पायऱ्यांचं अंतर होतं, बाकी काही नाही.

"दोन पोरांना सांगतो, उचलून घेतील वर," मालक म्हणाले.

"मला कोणी उचलायचं नाही," नंबरताई खालून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अख्ख्या गल्लीने ऐकला. "मी पोतं नाहीये. दाराने येईन, माझी मी येईन. नाहीतर येणार नाही."

"बघा, बघा कशी बोलते!"

"बरोबर बोलते," वकीलबाई म्हणाल्या. "जिला आत येता येत नाही तिची चौकशी आत कशी होईल? टेबल बाहेर काढा."

"रस्त्यावर? बाई, लोक काय म्हणतील!"

"लोक काय म्हणतील ते ऐकू येईल, तेवढाच फायदा."

टेबल बाहेर आलं, खुर्च्या आल्या. वकीलबाईंच्या खुर्चीचा एक पाय खालच्या पायरीच्या फटीत डुगडुगायला लागला. बाई वाकल्या, फटीत बोट घातलं, आणि बोटाला काहीतरी कडक लागलं. नखाएवढी रंगाची खपली होती. वरून राखाडी. त्यांनी ती उलटी केली, कडेने डोळ्यांजवळ धरली, आणि काही न बोलता रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

३

"ताई, रविवारी तुम्ही इथे आला होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"आले होते," नंबरताई म्हणाली.

मालकांनी मांडीवर थाप मारली. "कबूल! स्वतःच्या तोंडाने कबूल!"

"मालक, तुमची पाळी येईल तेव्हा बोला," वकीलबाई म्हणाल्या. "का आला होता?"

"सराव करायला. डॉक्टर म्हणाले, घरात बसून हात आखडतील, खुर्ची चालवा, चढ-उतार करून बघा. मला कामावर यायचंय ते इथे. मग सराव दुसरीकडे कशाला करू? सुट्टीचा दिवस, गल्ली रिकामी. म्हटलं चढता येतंय का बघावं. पडले तर बघायला कोणी नसेल."

"म्हणजे रजेत हिंडत होती!" मालकांना राहवेना.

"आजारपणाची रजा म्हणजे नजरकैद नव्हे," वकीलबाई म्हणाल्या. "माणूस बरा होण्यासाठी रजा घेतो, आणि बरं व्हायला कधीकधी घराबाहेर पडावं लागतं. तो आरोप मी इथेच निकालात काढते. आता चोरीचं बघू. ताई, रविवारी रॅम्प होता?"

"नव्हता. त्या पायऱ्यांकडे बघत बसले थोडा वेळ. मग भावाला म्हटलं, चल."

"त्याआधी कधी होता?"

नंबरताईने कपाळाला आठ्या घातल्या. "मी इतकी वर्षं इथे आहे. पायाने चालत होते तेव्हा लक्ष कोण देतं? पण एकदा पाहिला होता, मागच्या वर्षी. सकाळी आले तर दारात हा मोठा लोखंडी रॅम्प. मला वाटलं, कपाट-बिपाट चढवायला आणला असेल. एक-दोन दिवसांत दिसेनासा झाला. खुर्चीत बसायची वेळ आली तेव्हा तो आठवला. म्हणून मालकांना विचारत होते, कुठाय म्हणून."

"साफ खोटं!" मालक उभे राहिले. "चार वर्षं जागचा हलला नाही!"

वकीलबाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. मधोमध तीनही पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, रोजच्या झाडूने चकचकत होत्या. घरातलं कपाट चार वर्षांनी हलवलं की मागची भिंत आपण होऊन सांगते, इथे कपाट होतं. या पायऱ्यांवर सावलीचा डाग नव्हता की गंजाची रेघ नव्हती. इथून लोक रोज चढले-उतरले होते.

बाईंनी हे मनात ठेवलं. "साक्षीदार कोण आहे तुमचा?"

गर्दीतून वाट काढत एक गृहस्थ पुढे आले. पांढरे केस, पांढरा सदरा, आणि चेहऱ्यावर असा सात्त्विक भाव की बघणाऱ्याने खिसा चाचपावा.

४

ते घड्याळकाका. शेजारचं घड्याळांचं दुकान त्यांचं, आणि गल्लीतल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्षही तेच; मंडळाच्या गोदामाची किल्लीही त्यांच्याचकडे.

"मला या पोरीविषयी आकस नाही," काकांनी सुरुवात केली. "पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला हवं. रविवारी दुपारी मी घड्याळांना किल्ली द्यायला आलो होतो. सुट्टी आपल्याला, घड्याळांना कुठली? काचेतून पाहिलं तर हिच्या भावाचा टेम्पो उभा. त्याने आणि आणखी एकाने रॅम्प उचलला, टेम्पोचं मागचं दार उघडलं, आत सरकवला आणि चालते झाले."

"आणखी एक कोण?" नंबरताईचा भाऊ उसळला. "काका, तुमच्या घड्याळावर हात ठेवून सांगा!"

"पूर्ण आत गेला रॅम्प?" वकीलबाईंनी शांतपणे विचारलं.

"पूर्ण."

"बाहेर टोक-बिक राहिलं नाही?"

"मुळीच नाही. दार लावलं त्यांनी. खट्कन आवाज आला, मी ऐकला."

"तुम्ही तेव्हा ओरडला नाहीत?"

"मला वाटलं दुरुस्तीला नेत असतील. माणसावर विश्वास ठेवायची खोड आहे मला." काकांनी सुस्कारा सोडला.

मग गल्लीच्या वॉचमनला बोलावलं. तो येतानाच घाबरला होता.

"मी झोपलो नव्हतो बाई."

"झोपला होता असं मी म्हटलंच नाही. मला एवढंच सांगा, तो रॅम्प दोघांना उचलेल?"

"छ्या!" वॉचमनला हायसं वाटलं; हा प्रश्न सोपा होता. "चौघं लागतात. आणि नुसते चौघं असून भागत नाही. त्या कोपऱ्यावर वळवताना मागच्याने तिरका धरला नाही तर काकांच्या कट्ट्याला घासतो. मग काका शिव्या..."

घड्याळकाकांना जोराचा ठसका लागला.

वॉचमनने जीभ चावली. पण बाण सुटला होता. वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"चार वर्षं जागचा न हललेला रॅम्प कोपऱ्यावर कसा वळवायचा, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

वॉचमनने काकांकडे पाहिलं, काकांनी आभाळाकडे, मालकांनी स्वतःच्या बुटांकडे. गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अंदाजाने म्हणालो," वॉचमन पुटपुटला.

"बरं. आजची चौकशी इथेच थांबते," वकीलबाई म्हणाल्या आणि नंबरताईच्या भावाकडे वळल्या. "तुमचा टेम्पो कुठे आहे? मला आतून बघायचाय."

५

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी होता. भावाने मागचं दार उघडलं आणि वकीलबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

भाऊ अंडी पोचवायचा. टेम्पोच्या दोन्ही अंगांना, तळापासून छतापर्यंत, लोखंडी जाळ्यांचे कप्पे वेल्ड केलेले. मध्ये एक चिंचोळी पट्टी, माणूस आडवा होऊन शिरेल एवढी. ताईची खुर्ची घडी करून तिथे कशीबशी बसायची.

"हे कप्पे काढता येतात?"

"तोडावे लागतील. अंडी म्हणजे काय हो, नुसतं खोकलं तरी फुटतात. म्हणून पक्के बसवलेत. कोणी आत डोकावत नाही, बाहेरून चारचौघांसारखाच टेम्पो."

म्हणजे काकांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते होणंच शक्य नव्हतं. टेम्पो पाहिला होता हे खरं; ताईही आली होती. त्याला रॅम्प त्यांनी पदरचा जोडला होता. प्रश्न इतकाच, की घड्याळं विकणाऱ्या माणसाला चष्मेवाल्याच्या रॅम्पसाठी खोटी साक्ष द्यायची काय गरज पडली?

"बाई," मागून नंबरताईचा आवाज आला. ती चाकं फिरवत आली होती. "खरं सांगा, नोकरी जाईल माझी?"

"घाबरलात?"

"घाबरले तर. पण राजीनामा देणार नाही. मालकांनी निरोप पाठवला होता, राजीनामा दे, चोरीचं विसरून जातो, वर थोडे पैसे देतो म्हणून. मी म्हटलं, काढायचं असेल तर काढा, पण चारचौघांत, माझ्यासमोर. चोर म्हणून मी गप्प घरी बसणार नाही." तिने दोन्ही तळवे पुढे धरले. "अपघाताने पाय नेले. हात अजून माझे आहेत."

वकीलबाईंना तिचा अभिमान वाटला, आणि तिच्या मालकाचा संताप आला. दोन्ही त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. चौकशी अजून चालू होती.

संध्याकाळी घरी त्यांनी ती खपली टेबलावर ठेवली. यजमान चहा घेऊन आले, वाकून बघायला लागले.

"कडेला रेघा कसल्या गं?"

"रंगाचे थर. वर राखाडी, त्याखाली तांबडा, मग हिरवा, तळाला पिवळा."

"कमाल आहे. लग्न झाल्यापासून आपल्या घराला तू दुसरा रंग लावू दिला नाहीस, आणि हे लोक एका लोखंडाला चार-चार वेळा रंगवतात!"

वकीलबाईंनी कप तोंडाशी नेला तो तसाच राहिला. चष्म्याच्या दुकानाची पाटी राखाडी होती. शेजारची घड्याळांची तांबडी. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची हिरवी. समोरच्या चपलांच्या दुकानाची पिवळीधमक.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधीकधी चुकून फार हुशार बोलता."

दुसऱ्या दिवशी त्या तपासणीच्या मॅडमच्या कचेरीत जाऊन बसल्या. "तुम्ही या गल्लीतल्या दुकानांना तपासणीच्या तारखा कशा देता?"

"एकेकाला वेगळी. आधीपासून तीच पद्धत आहे. व्यापारी मंडळाने तशी विनंती केली होती म्हणे, गिऱ्हाइकांची गैरसोय नको म्हणून. मी आल्यावर थोडं इकडेतिकडे झालं. त्या सोमवारी दोन दुकानं एकाच दिवशी आली."

"दुसरं कुठलं?"

"कोपऱ्यावरचं औषधांचं. तिथे मात्र रॅम्प होता. छान हिरवा, नवा कोरा."

"नवा कोरा," वकीलबाई म्हणाल्या. "मॅडम, एक काम कराल? या वेळी सगळ्या गल्लीला एकच दिवस द्या. आणि एकच वेळ."

६

महिनाअखेरीच्या सकाळी वकीलबाईंचं टेबल पुन्हा रस्त्यावर मांडलेलं होतं. नंबरताई समोर बसली होती, भाऊ तिच्या मागे. तपासणीच्या मॅडम यायच्या होत्या. गल्लीत मात्र लग्नघरासारखी धावपळ चालली होती आणि तोंडं सुतकी होती.

आधी चपलावाला चौघा हमालांना घेऊन औषधाच्या दुकानाकडे धावला. मग चष्मेवाले मालक स्वतः, बाह्या सरसावून. मग घड्याळकाका, सदरा सावरत. कोपऱ्यापलीकडून एकदम गलका उठला.

"सोडा! आज माझी पाळी आहे!"

"तुझी पाळी मागच्या वर्षी झाली!"

"अहो, पाळी कसली, सगळ्यांना आजच बोलावलंय!"

कोपऱ्यावरून तो प्रकट झाला. लांबलचक, लोखंडी, हिरवागार. पुढचं टोक चपलावाल्याच्या हमालांनी धरलं होतं, मागचं औषधवाल्याने, आणि मधोमध चष्मेवाले मालक दोन्ही हातांनी लोंबकळत होते. वळताना मागच्याने तिरका धरला नाही, म्हणून रॅम्प घड्याळकाकांच्या कट्ट्याला करकरत घासला. काकांनी सवयीने एक सणसणीत शिवी हासडली.

"तुम्ही तर बोलूच नका काका!" मालकांचा तोल सुटला. "शनिवारी संध्याकाळी मी पदरचे पैसे खर्चून रंगवून घेतला आणि माझ्या दारात लावला! रविवारी सकाळी तुम्ही तो उचलून जावयाच्या औषधांच्या दुकानात नेलात! घरच्या जावयासाठी मला तोंडघशी पाडलंत!"

"जावयाची तारीख अचानक आली, मी काय करू?" काका ओरडले. "रॅम्प मंडळाचा आहे, तुझ्या बापाचा नाही! तुला कोणी सांगितलं होतं चोरी चोरी म्हणून बोंबलायला?"

"मग दुसरं काय सांगणार होतो त्यांना? आपल्या सगळ्या गल्लीत मिळून एकच आहे म्हणून?"

हे वाक्य गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. त्यानंतर मालकांना दिसलं की नंबरताई बघते आहे, वकीलबाई बघताहेत, आणि त्यांच्या शेजारी तपासणीच्या मॅडम केव्हाच्या येऊन उभ्या आहेत.

रॅम्प हळूच खाली टेकला.

७

वकीलबाई उठल्या. पर्समधून त्यांनी किल्ली काढली आणि रॅम्पच्या कडेवरून जोरात ओढली. हिरव्याखाली राखाडी दिसला. आणखी खरवडलं, तांबडा. त्याखाली जुना हिरवा. तळाला पिवळा. मग त्यांनी रॅम्पच्या खालच्या टोकाला हात फिरवला. एका जागी, हिरव्या रंगाखाली, नखाएवढा खड्डा होता. त्यांनी रुमालातली खपली त्यावर ठेवली. ती चपखल बसली.

"ही मला चष्म्याच्या दुकानाच्या पायरीत सापडली," त्या म्हणाल्या. "चार वर्षं राखाडी असलेल्या रॅम्पच्या पोटात चपलांच्या, औषधांच्या आणि घड्याळांच्या दुकानाचा रंग कसा? ज्याची तपासणी, त्याच्या दारात हा जायचा आणि ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या पाटीचा रंग लावायचा. म्हणून पायऱ्या झिजलेल्या. म्हणून वॉचमनला वळण पाठ. म्हणूनच ताईला तो मागच्या वर्षी दोन दिवस दिसला आणि गेला. घड्याळकाका, तुम्ही तो टेम्पोत जाताना पाहिलात म्हणालात. त्या टेम्पोत अंड्यांच्या ट्रेशिवाय काही मावत नाही, आत जाऊन बघा. टेम्पो पाहिलात तेव्हा रॅम्प तुमच्या जावयाच्या दारात हिरवा होत होता, आणि किल्ली तुम्ही घड्याळांना नाही, मंडळाच्या गोदामाला द्यायला आला होता. रंगाचे डबे तिथेच असतील."

 काकांचा सात्त्विक भाव आता कोणाच्या कामाचा राहिला नव्हता.

"चोरी झालीच नाही," वकीलबाई पुढे म्हणाल्या. "मालकांना हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण मॅडमसमोर तोंडातून 'चोरी' निघून गेलं होतं आणि ते गिळता येईना. मग चोर हवा. तो असा हवा, जो नाहीतरी नकोच आहे. जी कामावर परत येणार, रोज येणार, आणि रोज विचारणार, रॅम्प कुठाय. चोर तो चोर, वर शिरजोर!"

"बाई!" मालक कळवळले. "तुमची फी मी देतोय!"

"चौकशीची देताय. निकाल तुम्ही विकत घेतलेला नाही. दोन्ही आरोप खोटे. नंबरताईची रजा ही रजाच होती, आज ती संपली, आणि त्यांची जागा त्यांची आहे. माझा अहवाल संपला."

तपासणीच्या मॅडमनी पेन उघडलं. एकेका दुकानावर नजर टाकत त्या लिहायला लागल्या आणि गल्लीतली एकेक मान खाली जात गेली.

"अहो, पण आमच्या गल्लीत खुर्चीतून येतं कोण?" चपलावाला रडवेल्या आवाजात म्हणाला. "वर्षात एक माणूस येत नाही!"

"पायऱ्या बघून येईल कोण?" नंबरताई म्हणाली. "तुमच्याकडे चपला घ्यायला मीसुद्धा यायचे, तुम्ही ताई या, ताई बसा म्हणायचात. आता रस्त्यातून हाक मारावी लागते, आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं करता."

चपलावाल्याने मान वळवून आपल्याच पायऱ्यांकडे पाहिलं.

मालकांनी मग शहाणपणा केला. त्यांनी हमालांना खूण केली, रॅम्प आपल्या दारात लावून घेतला आणि हात पुढे करून, अगदी गोड आवाजात म्हणाले, "चला ताई, झालं गेलं गंगेला मिळालं. या वर."

सगळी गल्ली बघायला लागली. भावाने खुर्चीच्या मुठी धरल्या. नंबरताईने मागे न बघता त्याचे हात बाजूला केले.

ती रॅम्पपाशी गेली. त्याच्यावर हात फिरवला, खरवडलेले रंग पाहिले. आणि खुर्ची वळवली.

"नाही," ती म्हणाली. "हा उद्या औषधवाल्याकडे जाईल, परवा काकांकडे. मला उचलून नेता येणारा रॅम्प नको. पायरीत पक्का बांधा, सिमेंटचा. त्यावरून येईन."

"त्याला वेळ लागेल! गवंडी मिळायला हवा!"

"लागू द्या. मी कामावर हजर आहे. रजा संपली, बाईंनी आत्ताच सांगितलं. माझी पेटी खाली पाठवा, मी इथे बसते."

"इथे? रस्त्यावर? दुकानाच्या दारात?"

"चौकशी इथे झाली, काम का नाही?"

मालकांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरचे कागद गोळा करत होत्या. टेबल मात्र त्यांनी तिथेच राहू दिलं. मग मालकांनी मॅडमकडे पाहिलं, त्या लिहीत होत्या. शेवटी मालक स्वतः आत गेले आणि काचांची पेटी, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तीन पायऱ्या उतरून खाली आले. पेटी टेबलावर ठेवताना त्यांना वाकावं लागलं, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांची नजर नंबरताईच्या नजरेसमोर आली.

"किती दिवस बसणार आहेस अशी?" त्यांनी हळू विचारलं.

"मला काय विचारता? पायऱ्या तुमच्या आहेत."

चौकशी बघायला जमलेल्या गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. त्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. नंबरताईने चष्मा घेतला, दोरा तोडला, स्क्रू बसवला, काच पुसून चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. म्हाताऱ्यांनी गल्लीभर नजर फिरवली आणि हसले.

त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले. मालक पायरीवर बसून फोनवर गवंड्याला विनवत होते. गवंडी म्हणत होता, आज सकाळपासून याच गल्लीतून मला हा चौथा फोन, आधी कोणाकडे येऊ?

"आधी इथे!" नंबरताई फोनच्या दिशेने ओरडली आणि रांगेकडे वळली. "हं, पुढचं कोण?"